पेटीचा भाव विचारणारे शब्द

व्यवसायाच्या संकेतस्थळासाठी शोधशब्द निवडायचे, म्हणजे गिऱ्हाईक गूगलवर नेमके काय लिहील हे ओळखायचे. विक्रेत्याची भाषा आणि गिऱ्हाइकाची भाषा सहसा वेगळी असते. देवगडचा बागायतदार आपल्या मालाला 'कोकणचा अस्सल राजा' म्हणेल. पुण्यातले गिऱ्हाईक मात्र 'देवगड हापूस पेटी भाव' असे लिहिते. पानावर हवेत ते हे शब्द.

'आंबा' हा एकटा शब्द मोह पाडतो. पण तो लिहिणाऱ्याला लोणच्याची कृती हवी असेल, मोहोरावरच्या तुडतुड्यांवर फवारणी हवी असेल किंवा शाळेचा निबंध. शब्द वाढत जातात तसे शोधणारे कमी होतात, पण त्यांना काय हवे ते स्पष्ट होते. छोट्या व्यावसायिकाने या लांब शब्दसमूहांवरच भर द्यावा. एकट्या शब्दासाठी मोठ्या दुकानांशी झुंजण्यात त्याची मेहनत वाया जाते.

शब्दामागचा हेतू सर्वांत महत्त्वाचा. संगणकतज्ज्ञ आंद्रेई ब्रोडर यांनी २००२ साली शोधांचे तीन प्रकार सांगितले: माहिती मिळवणे, ठरावीक संकेतस्थळ गाठणे आणि खरेदीसारखे काम उरकणे. 'हापूस घरी कसा पिकवावा' असे विचारणाऱ्याच्या घरी बहुधा पेटी आलेलीच असते; त्याला आढीची माहिती देणारा लेख हवा. 'हापूस घरपोच पुणे' लिहिणाऱ्याला भाव, फळाचे वजन आणि पोहोचण्याचा दिवस हवा. ही दोन वेगळी पाने आहेत. उलट एकाच शब्दासाठी चार पाने केली, तर ती एकमेकांच्याच वाटेत येतात.

मराठीत लिपीचाही प्रश्न येतो. कुणी 'हापूस' देवनागरीत लिहितो, कुणी रोमन लिपीत, कुणी थेट 'अल्फान्सो मँगो' म्हणतो. म्हणून मराठी आणि इंग्रजी पाने स्वतंत्र असलेली बरी.

शब्द शोधायला सुरुवात फोनवर आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या प्रश्नांपासून करावी. याहून खरा साठा दुसरा नाही. त्यानंतर गूगलच्या सूचना आणि कीवर्ड प्लॅनर पाहावे. गूगल ट्रेंड्समध्ये मागणीचा चढउतार ० ते १०० या मापावर दिसतो. हंगामी मालाला तो फार उपयोगी, कारण आंब्याचे पान झाडावर मोहोर असतानाच तयार हवे.

निवडलेला शब्द पानाच्या शीर्षकात, मथळ्यात आणि पहिल्या परिच्छेदात सहज यावा. पानाच्या कोडमधल्या कीवर्ड टॅगचा क्रमवारीसाठी वापर होत नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगितले आहे. तोच शब्द वारंवार कोंबणे तर गूगलच्या नियमांविरुद्ध आहे.

शब्द मालाशी प्रामाणिकही हवा. हापूसला २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरते आहे. शोध जास्त होतात म्हणून बाहेरच्या आंब्याच्या पानावर 'देवगड' लिहिणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, आणि खऱ्या बागायतदाराचेही त्यात नुकसान होते.