मराठी इतिहाससाधनांतील तोफवाचक शब्द : अर्थभेदाचे विवेचन

प्रस्तावना :
मराठी बखरी, पत्रव्यवहार व हिशेबाचे कागद यांत तोफ, उखळी तोफ, जंबुरा, शुतरनाळ, जेजाल, बाण असे अनेक शब्द येतात. अध्यापनात त्या सर्वांचा अर्थ सरसकट 'तोफ' असा सांगितला जातो. त्यामुळे वेढ्याचे स्वरूप, वाहतुकीचा खर्च व सैन्याचा वेग यांविषयी चुकीचे निष्कर्ष निघतात. हा अर्थभेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अर्थभेद :
१) तोफ : मूळ तुर्की शब्द. मराठीत तो जातिवाचक असल्याने केवळ त्यावरून आकाराचा बोध होत नाही.
२) उखळी तोफ : नळी आखूड, तोंड रुंद. हिचा गोळा उंच कमानीने जाऊन तटाच्या आत पडतो. लांब नळीची तोफ तट फोडते. उखळी तोफ तट ओलांडते. पोकळ व दारू भरलेल्या 'कुलपी गोळ्या'चे महत्त्व यातूनच कळते.
३) जंबुरा व शुतरनाळ : दोन्ही उंटावरील हलक्या तोफा. फारसीत 'जंबूर' म्हणजे गांधीलमाशी, तर 'शुतुर' म्हणजे उंट. पहिले नाव दंशावरून, दुसरे वाहनावरून पडले. 'ऐन-इ-अकबरी'तील गजनाळ व नरनाळ ही नावेही वाहकावरूनच आली आहेत.
४) जेजाल : टेकू देऊन डागण्याची लांब, जड बंदूक, तिची गणना तोफांत करणे योग्य नव्हे.
५) बाण : अठराव्या शतकातील कागदांत याचा अर्थ बहुधा दारूचा अग्निबाण असा असतो, धनुष्याचा तीर नव्हे.

परिसरातील उदाहरण :
मोडनिंबपासून फार दूर नसलेल्या परांडा किल्ल्यावर 'मलिक-ए-मैदान' ही तोफ होती. मुहम्मद बिन हसन रूमी याने ती १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतली. १६३२ मध्ये ती विजापुरास नेण्यात आली. लांबी सुमारे १४ फूट, वजन सुमारे ५५ टन. नावाने ती 'मैदानाची धनीण', परंतु तिचे स्थान बुरुजावर. म्हणजे नावावरूनही तोफेचा उपयोग ठरविता येत नाही.

समारोप :
जंबुरा एक उंट वाहून नेतो. मलिक-ए-मैदान हलविणे ही स्वतंत्र मोहीमच ठरते. दोहोंची नोंद 'एक तोफ' अशी केल्यास संख्या जुळेल, इतिहास जुळणार नाही. म्हणून भाषांतरात मूळ शब्द कायम ठेवून त्यापुढे नळी, वाहन व मारा यांचे स्पष्टीकरण देणे इष्ट होय.