रंग धुतला, विष राहिले

बियाण्यासाठी औषध लावून ठेवलेले धान्य स्वच्छ धुऊन खाल्ले तर काय बिघडेल, असा विचार टंचाईच्या दिवसांत पुष्कळांच्या मनात येतो. वाचकहो, इराक देशात हाच विचार शेकडो लोकांच्या प्राणांवर बेतला.

१९७१ साली, पीक बुडाल्यामुळे, इराकने परदेशांतून गहू व जव यांचे बियाणे मागविले. बुरशी लागू नये म्हणून त्यास मिथिल-पारा या संयुगाचे औषध लावलेले होते आणि ओळखीसाठी ते तांबूस रंगविले होते. गोण्यांवरील इशारा स्पॅनिश व इंग्रजी भाषांत होता. खेड्यांतील शेतकऱ्यांस तो वाचता येईना. कित्येक ठिकाणी बियाणे पोहोचले तेव्हा पेरणी उरकली होती. लोकांनी गहू धुतला. रंग पाण्याबरोबर निघून गेला, तेव्हा विषही गेले असे समजून त्यांनी त्याच्या रोट्या भाजून खाल्ल्या.

कित्येक आठवडे कोणास काहीच झाले नाही. मग ओठांस व हातापायांस मुंग्या येऊ लागल्या, चाल लटपटू लागली, जीभ अडखळू लागली. कित्येकांची दृष्टी व श्रवणशक्ती गेली. सरकारी नोंदीप्रमाणे ६,५३० रोगी रुग्णालयांत दाखल झाले व त्यांपैकी ४५९ दगावले.

थर्मामीटरमधील पारा चुकून गिळला गेला तर बहुतेक तसाच शरीराबाहेर पडतो. त्याची वाफ मात्र घातक असते. परंतु मिथिल-पारा हे सेंद्रिय संयुग अन्नातून जवळजवळ सर्वच्या सर्व रक्तात शिरते व मेंदूत पोहोचते. भाजण्याने ते नाहीसे होत नाही. शरीरातून निम्मे विष बाहेर पडण्यास सुमारे दोन महिने लागतात; म्हणून रोज थोडे खाल्ले तरी ते साठत जाते. गर्भाचा मेंदू त्यास सर्वांत आधी बळी पडतो. इराकमध्ये ज्या मातांना किरकोळ त्रास झाला, त्यांच्यापैकी काहींची मुले जन्मतःच मतिमंद व पांगळी निपजली.

आपल्याकडे बियाण्यास लावतात ती औषधे निराळी असली, तरी तीही विषारीच असतात आणि रंगाचा अर्थ तोच आहे. रंग हे विष नव्हे. ती विषाची खूण आहे. म्हणून उरलेले बियाणे गिरणीत नेऊ नये, कोंबड्यांना वा गुरांना घालू नये, त्याच्या रिकाम्या पिशवीत पीठ भरू नये. ते वेगळे, कुलपात ठेवावे. आणि ज्यांस अक्षरओळख नाही अशा घरच्या वडीलधाऱ्यांस व मुलांस त्या रंगाचा अर्थ तोंडी समजावून सांगावा.