शल्यविशारदाच्या निवडीचे माप

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट झाला, की भाजलेल्या कामगारांना बोईसरच्या रुग्णालयांत हलवले जाते. प्रकृती गंभीर असेल तर पुढचा रस्ता मुंबईचा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला, तरी जव्हार-मोखाड्याच्या रुग्णाला अवघड शस्त्रक्रियेसाठी अनेकदा नाशिक, सिल्वासा किंवा मुंबईच गाठावी लागते. म्हणून शल्यविशारद होण्याची संधी कोणाला मिळते, हा प्रश्न केवळ उमेदवारांच्या घरापुरता उरत नाही.

निवडीचे मुख्य माप म्हणजे ‘नीट-पीजी’ ही २०० बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा. हाताचे कसब किंवा मध्यरात्री निर्णय घेण्याचे धैर्य तिच्यात मोजले जात नाही. तरीही शिफारशींच्या बाजारापेक्षा हे माप शतपटीने स्वच्छ आहे. मात्र २०२३ मध्ये रिकाम्या जागा भरण्यासाठी पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. अशा वेळी खासगी महाविद्यालयात गुणांपेक्षा तिजोरीच अधिक बोलते, हे व्यापारी घराण्यांना निराळे सांगायला नको.

डॉ. प्रदीप जैन यांच्या १९८४ मधील गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर जागांसाठी रहिवासाची अट अमान्य केली. मेंदू-शल्यचिकित्सेसारख्या अतिविशेष शाखांत तर त्याच संस्थेच्या विद्यार्थ्यांनाही प्राधान्य नाकारले. २९ जानेवारी २०२५ च्या निकालाने रहिवासाविषयीची ही भूमिका पुन्हा दृढ केली.

पण घरी बसून दोन वर्षे अभ्यास करणारा आणि मोखाड्यासारख्या तालुक्यातील आरोग्य केंद्रात प्रसूती, सर्पदंश व शवविच्छेदन उरकून रात्री पुस्तक उघडणारा, हे दोघे समान कसे? दुर्गम भागातील प्रत्येक वर्षाच्या सेवेसाठी मिळालेल्या गुणांच्या १० टक्के, कमाल ३० टक्के, अधिक गुण देण्याची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ग्राह्य धरली. २०२० मध्ये घटनापीठाने सेवेतील डॉक्टरांसाठी स्वतंत्र जागा ठेवण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला आणि २०२२ मध्ये महाराष्ट्राने शासकीय व महापालिका महाविद्यालयांत अशा २० टक्के जागा ठेवल्या. ही सवलत दयेची नव्हे. दुर्गम भागात घालवलेल्या वर्षांचा तो हिशेब आहे.

अशा डॉक्टरांकडून पदवीनंतर शासकीय सेवेत परतण्याचे बंधपत्र घेतले जाते. मात्र जेथे भूलतज्ज्ञ नाही आणि रक्तपेढी दूर आहे, तेथे परतलेला सर्जनही रुग्णाला पुढे पाठवण्याचीच चिठ्ठी लिहितो.