परम्याचा जंतू आणि विसरभोळे शिपाई

गोवर एकदा येऊन गेला की जन्मात बहुधा पुन्हा येत नाही, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. परम्याचे तसे नाही. औषधाने पूर्ण बरा झालेला माणूस पुन्हा संसर्ग झाला की महिन्याभरातही त्याच दुखण्याने डॉक्टरांपुढे येऊन बसतो. या रोगाचे नाव घरात उच्चारायची सोय नसते. पण शरीराला त्याची आठवण का राहत नाही, हे समजून घ्यायला हरकत नसावी.

१८७९ साली अल्बर्ट नाइसर या जर्मन डॉक्टरांनी हा जंतू प्रथम पाहिला तो पुवामध्ये. कॉफीच्या दोन बिया समोरासमोर ठेवाव्यात तशी त्याची जोडी दिसते, आणि पुष्कळदा ती दिसते पांढऱ्या पेशींच्या पोटात. म्हणजे शिपाई झोपलेले नसतात! न्यूट्रोफिल नावाच्या या पेशी रक्तातून झुंडीने धावून येतात, जंतू गिळतात आणि मरतात. तो पू म्हणजे बव्हंशी त्यांचाच खच. मात्र गिळलेल्या जंतूंपैकी काही तिथेही तग धरतात.

शत्रूचा चेहरा लक्षात ठेवण्याचे काम लिम्फोसाइट पेशींचे. इथे जंतूची लबाडी पाहावी. ज्या केसासारख्या तंतूंनी तो चिकटतो त्यांची घडण तो बहुरूप्यासारखी सारखी बदलतो. शिवाय उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की न्यूट्रोफिलना बोलावणाऱ्या लिम्फोसाइटना तो चेतवतो आणि टिकाऊ संरक्षण घडवणाऱ्यांना दाबून ठेवतो.

मोठे नुकसान होते ते बायकांचे. पुष्कळजणींना काही लक्षणच जाणवत नाही. जंतू बीजवाहिनीपर्यंत चढला तर तिथल्या दाहात स्त्रीबीज पुढे सरकवणाऱ्या लवदार पेशी झडतात. नळी बुजली की मूल होणे कठीण, आणि बोल मात्र तिलाच! म्हणून डॉक्टर एकट्याला औषध देऊन थांबत नाहीत, जोडीदारालाही बोलावतात.

न्यूझीलंडमध्ये २००४ पासून एका प्रकारच्या मेंदूज्वरावर लस टोचली गेली. तो जंतू परम्याच्या जंतूचा सख्खा भाऊच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लस घेतलेल्या तरुणांत परमा सुमारे ३१ टक्क्यांनी कमी आढळला. आकडा लहान खरा, पण त्याआधी एकही लस या रोगापुढे टिकली नव्हती. त्याच वाणाची लस इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२५ पासून अधिक धोका असलेल्यांना मोफत देऊ लागले आहेत.