औषध आहे, पण जखमेत टिकत नाही

रापणीचे जाळे ओढणारे पाय बहुधा अनवाणीच. शिंपल्याची धार लागते, कधी पाकटाचा काटा घुसतो. धडधाकट माणसाची जखम भरून येते. मधुमेहाने पाय बधिर झालेल्याला ती कळते तेव्हा बरेचदा चिघळलेली असते.

पेशींना वाढीचा निरोप देणारी प्रथिने शरीरातच असतात. त्यातले ५३ अमिनो आम्लांचे ईजीएफ स्टॅन्ली कोहेन यांनी शोधले, १९८६ चे नोबेलही मिळवले. आता ते कारखान्यात बनते, भारतात त्याचे जेलही मिळते. अडते ते पुढेच. जुनाट जखमेत प्रथिने तोडणारी विकरे इतकी माजलेली असतात की वरून लावलेल्या औषधाचे तिथेच तुकडे पडतात. म्हणून क्यूबाच्या संशोधकांनी ते थेट जखमेच्या कडेत आणि तळात टोचले. उपाय नामी, पण दुखरा. शिवाय आठवड्यातून तीनदा दवाखाना!

दुसरी अडचण उष्म्याची. अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळालेले पीडीजीएफ या तशाच प्रथिनाचे जेलही फ्रिजमध्येच ठेवावे लागते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्या किनाऱ्यावरची वीज कित्येक दिवस गेली होती, तेव्हा कुठला फ्रिज?

औषध जखमेत टिकवायचे तर मला जास्त कुतूहल खडपावरच्या शिनाण्यांचे, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांचे. (खवय्यांनी क्षणभर थांबावे.) लाटांच्या माऱ्यातही ते खडक सोडत नाहीत, कारण त्यांच्या चिकट धाग्यांतल्या प्रथिनांत डोपा नावाचे रसायन असते. त्याच धर्तीवर ओल्या जखमेला चिकटून औषध हळूहळू सोडणारी जेल प्रयोगशाळांत तयार होत आहेत. बहुतेक चाचण्या अजून उंदरांवरच आहेत.