‘पोरगं कामाचं नाही’ असे म्हणण्यापूर्वी

सातारा, कराड, सांगली, मिरजेच्या बाजारपेठांत फिरताना एक वाक्य आमच्या कानांवर वारंवार पडते. गॅरेजवाला ते म्हणतो, बेकरीवाला म्हणतो, शिलाईच्या दुकानातला मास्टर म्हणतो आणि पुष्कळदा मुलाचे वडीलच म्हणतात, “हे पोरगं काही कामाचं नाही.” व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण हुनराच्या धंद्यात भांडवलाच्या आधी माणूस लागतो आणि विश्वासाचा माणूस मिळत नाही ही तक्रारही याच दुकानांतून आम्ही ऐकतो. एकीकडे माणूस मिळत नाही म्हणायचे आणि दुसरीकडे घरातलाच माणूस निकामी ठरवून बसवून ठेवायचा, हा हिशेब आम्हाला तरी जुळत नाही.

ही मुले कोणती? एखाद्याला अक्षरे आणि आकडे नीट लागत नाहीत. छत्तीसचे त्रेसष्ट होते. बोलण्यात तो हुशार असतो, पण वहीसमोर बसला की घामाघूम होतो. याला डिस्लेक्सिया म्हणतात. दुसरा एका जागी दहा मिनिटे बसत नाही, हातातले काम अर्धे टाकून दुसरे धरतो. डॉक्टरांच्या भाषेत ही अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी. तिसरा नजरेला नजर देत नाही, गर्दी आणि आवाज सोसत नाही, रोजची रीत बदलली की बिथरतो, पण मनात बसलेले काम घड्याळासारखे करतो. हा ऑटिझम, मराठीत स्वमग्नता. या सगळ्यांना मिळून ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द १९९० च्या दशकाच्या अखेरीस वापरात आला. ऑस्ट्रेलियातील अभ्यासक ज्युडी सिंगर यांचे नाव त्याच्याशी जोडले जाते. शब्द अवघड आहे, अर्थ सोपा आहे. माणसांचे चेहरे जसे एका साच्यातले नसतात, तशी मेंदूची घडणही एका साच्यातली नसते. ही घडण आळस नव्हे, लागीर नव्हे आणि आईबापांच्या वळणाचा दोषही नव्हे.

आपल्या भागाचा या विषयाशी एक संबंध आहे, तो फार थोड्यांच्या लक्षात असतो. २००७ साली आलेल्या आमिर खान यांच्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटातली निवासी शाळा म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीची न्यू एरा हायस्कूल. डिस्लेक्सिया हा शब्द देशातल्या घराघरांत गेला तो या चित्रपटामुळे. मात्र एक कुरबूर नोंदवावीशी वाटते. त्यातला मुलगा उत्तम चित्रकार निघतो, म्हणून सगळ्यांना त्याची किंमत कळते. आपल्या मोहल्ल्यातला मुलगा चित्रकार निघेलच असे नाही. तो साधा वेल्डर निघेल, साधा शिंपी निघेल. त्यालाही रोजी कमावण्याचा तितकाच हक्क आहे.

हे पटण्यासाठी मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत एक फेरी मारावी. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तंबोरे-सतारीचा धंदा इथे उभा केला. तलवारीचे दिवस सरले तेव्हा हातातला हुनर त्यांनी दुसरीकडे वळवला. आज हीच घराणी ‘सितारमेकर’ म्हणून ओळखली जातात. २०२४ साली मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले. आमचा मुद्दा मात्र मानांकनाचा नाही, कामाच्या वाटणीचा आहे.

एक तंबोरा म्हणजे एक काम नव्हे. मंगळवेढा-पंढरपूरकडून आलेला भोपळा पारखायचा, वाळवायचा, कापायचा. तूण लाकडाची दांडी घडवायची, भोपळ्याशी जोडायची. कोणी नक्षी कोरतो, कोणी खुंट्या बसवतो, कोणी पॉलिश करतो. शेवटी जवारी येते. घोडीचा माथा कानसीने इतका बारीक घासायचा की छेडलेली तार त्याला जेमतेम स्पर्श करीत राहावी आणि स्वर भरून यावा. एक कानस जास्त पडली की स्वर मेला. हे काम पुस्तकात वाचून येत नाही आणि ते करणाऱ्याला गोड बोलावे लागत नाही, हिशेब लिहावा लागत नाही, गिऱ्हाईक पटवावे लागत नाही. कान आणि हात लागतात, आणि तासन्‌तास एकाच गोष्टीत बुडून राहण्याची तयारी लागते.

शिकवण्याची पद्धतही पाहा. उस्ताद भाषण देत नाही. तो करतो, शागीर्द बघतो, मग शागीर्द करतो आणि उस्ताद बघतो. एकच टप्पा महिनोन्‌महिने चालतो. वेगळ्या घडणीच्या मुलांना असेच शिकवावे, तोंडी सूचनांचा मारा करू नये, काम दाखवावे, त्याचे तुकडे करावेत, असे आज तज्ज्ञ सांगतात. आपल्या कारखान्यांत हे आधीपासून होते. आपण ते फक्त चलाख मुलांपुरते राखून ठेवले. आणि उस्तादाची छडी व चारचौघांत केलेली नाचक्की हीसुद्धा याच परंपरेतली, हे कबूल केले पाहिजे. चलाख मुलगा मार खाऊन टिकतो, दुसरा पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.

आमच्या हातूनही हे घडले आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी ओळखीच्या एका बेकरीत आम्ही एका मुलाला कामाला लावले. पीठ मळण्याचे यंत्र सुरू झाले की तो कानांवर हात ठेवून बाहेर पळायचा. मालकाने एकदा बजावले, “दुकानाकडे लक्ष ठेव.” मुलगा खरोखर दुकानाकडे बघत उभा राहिला आणि गिऱ्हाईक पैसे न देता गेले. मालक हसले, गडी हसले, आम्हीही हसलो. आठवड्यात त्याला घरी पाठवला. चार वर्षांनी तो दुसऱ्या बेकरीत दिसला. मागच्या खोलीत, यंत्रापासून दूर, खारी आणि बटर मोजून पाकिटे भरत होता. तिथला मालक म्हणाला, “दोन वर्षांत एका पाकिटाचा फरक नाही. फक्त त्याची जागा बदलायची नाही आणि त्याला मागून हाक मारायची नाही.” एवढेच करायचे होते. आम्हाला ते सुचले नव्हते.

जनावरांच्या धंद्यातल्या वाचकांसाठी परदेशातले एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन या बाई लहानपणी उशिरा बोलू लागल्या. त्या ऑटिस्टिक आहेत. पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. कत्तलखान्याकडे जाताना गुरे मधेच का अडतात, का बुजतात, याचा उलगडा त्यांनी केला. गुरांच्या वाटेवरून त्या स्वतः चालल्या तेव्हा लोंबणारी साखळी, पाण्यावरची चमक, अचानक पडलेली सावली या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी त्यांच्या नजरेत भरल्या. मग त्यांनी वळणाच्या वाटा आखल्या, म्हणजे जनावर न घाबरता पुढे सरकते. धार्मिक पद्धतीच्या कत्तलीत जनावराला टांगण्याऐवजी उभे धरून ठेवणारी साधनेही त्यांनी तयार केली. आटपाडीच्या शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात उभा राहणारा कोणीही सांगेल की बुजलेले जनावर म्हणजे तोटा. अनुभवी माणसांना जे दिसत नव्हते ते या बाईंना दिसले. अर्थात सगळ्यांकडून ग्रँडिन होण्याची अपेक्षा धरणे म्हणजे वरच्या चित्रकार मुलाचीच गोष्ट झाली.

मग दुकानात काय करावे? खर्च फारसा नाही. आकडे उलटे वाचणाऱ्या मेकॅनिकच्या पान्यांना रंगाचे पट्टे मारले की पुरे. शिंप्याच्या दुकानात माप एकाने लिहावे, दुसऱ्याने मोठ्याने वाचून पडताळावे. तसे पाहिले तर ही सवय सगळ्यांनाच हवी. हल्ली ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवता येते आणि गल्ल्यावरचा साउंडबॉक्स जमा झालेली रक्कम मोठ्याने सांगतो. ज्याला वाचायला त्रास होतो त्याच्यासाठी ही मोठी सोय झाली आहे. ‘जरा लवकर उरक’ म्हणण्याऐवजी ‘असरच्या आधी ही चार नग’ म्हणावे. एका वेळी एकच काम सांगावे. जो मुलगा गल्ल्यावर टिकत नाही त्याला सांगलीच्या फळ मार्केटात पहाटेच्या लिलावाला पाठवून पाहावे, वसुलीच्या फेरीवर पाठवून पाहावे. पायाला भिंगरी असलेला माणूस बसवून ठेवला तर धंद्याचे नुकसान, फिरवला तर फायदा. तासगावच्या बेदाण्याची रंगावरून प्रतवारी, सांगलीच्या हळकुंडांची निवड ही कामे बारीक नजरेची आहेत. पण तिथे यंत्राचा खडखडाट आणि धूळ किती, हे आधी बघावे. विट्याच्या यंत्रमागावर आवाज न सोसणाऱ्या मुलाला उभे करणे म्हणजे त्याला शिक्षा देणे. कोणत्या मुलाला काय जमेल हे पुस्तकावरून ठरवू नये. आठ-पंधरा दिवस निरनिराळी कामे देऊन पाहावे.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगतो. हा मुलगा कुरकुर करीत नाही, सुट्टी मागत नाही, पगार वाढवा म्हणत नाही, म्हणून त्याला निम्म्या मजुरीवर राबवणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. वर ‘आम्ही त्याला सांभाळतो’ म्हणून सवाबाची भाषा! काम पूर्ण घेतले तर दाम पूर्ण द्यावा. दुसरे म्हणजे वय. शाळेत जमत नाही म्हणून बाराव्या वर्षी गॅरेजात टाकणे हा उपाय नाही, तो गुन्हा आहे. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळेतच सवलती मिळतात. राज्याच्या दहावी-बारावीच्या परीक्षांत प्रमाणपत्र असलेल्या मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सोयी आहेत. त्या मागितल्याशिवाय मिळत नाहीत. मुलींच्या बाबतीत तर कोणी पाहतच नाही. घरात शिवणकाम करणारी अबोल मुलगी ‘शांत स्वभावाची’ म्हणून खपून जाते.

कायदाही बदलला आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते, ऑटिझम आणि डिस्लेक्सिया त्यात नव्हते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात एकवीस प्रकार आहेत आणि ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजेच डिस्लेक्सिया वगैरे, त्यात आले आहेत. याच कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीचा लोकांसमोर जाणूनबुजून अपमान करणाऱ्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘येडा’ म्हणून हाका मारणाऱ्या गड्यांना हे कलम मालकानेच वाचून दाखवावे.

प्रमाणपत्रासाठी घरातले लोक कचरतात. बहिणीचे स्थळ मोडेल, लोक काय म्हणतील, ही भीती आम्हाला समजते. त्याऐवजी ताविजावर आणि ‘लग्न केलं की सुधारेल’ या सल्ल्यावर वर्षे जातात. पैसे जातात आणि त्यात दुसऱ्या घरच्या मुलीचे आयुष्यही ओढले जाते. ऑटिझम गोळीने बरा करतो म्हणणाऱ्याच्या दारात तर मुळीच उभे राहू नये. तपासणीसाठी साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आणि सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा असतो, त्यावरून यूडीआयडी कार्ड मिळते. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व नोंदले गेले तर सरकारी नोकरीतल्या चार टक्के राखीव जागांपैकी या गटासाठी ठेवलेल्या एक टक्क्यात अर्ज करता येतो, शिवाय स्वतःच्या धंद्यासाठी दिव्यांग वित्त महामंडळाच्या सवलतीच्या कर्जाची वाट खुली होते. ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता असणाऱ्यांना राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे.

आणि शेवटी दुकान कोणाच्या नावावर, हा प्रश्न येतोच. वडील गेले की ‘त्याला काय कळतंय’ म्हणून भाऊ त्याच्या हिश्शाचे कागद परस्पर करून टाकतात. इस्लामी वारसा कायद्यात बुद्धीच्या किंवा मनाच्या वेगळेपणामुळे वारसाचा वाटा कमी होत नाही. डिस्लेक्सिया किंवा अतिचंचलता असलेला मुलगा तर स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकतो, त्याला कागद वाचून दाखवणारा भरवशाचा माणूस पुरतो. ज्याला खरोखर आधार लागतो, अशा अठरा वर्षांवरील ऑटिस्टिक किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमता येतो. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी समिती असते. नेमलेल्या पालकाला मालमत्तेची यादी आणि दरवर्षीचा हिशेब तिच्यापुढे ठेवावा लागतो. हा अर्ज आईवडील हयात असतानाच, सगळ्या भावा-बहिणींना समोर बसवून करावा. नंतर करायला गेले की पहिला सवाल वाट्याचा निघतो, मुलाचा नाही.