नेवाळीची धावपट्टी : ‘अतिक्रमण’ म्हणण्याआधी

बदलापूरहून काटईकडे शेअर रिक्षानं निघालं, की नेवाळी नाक्यापाशी कोणीतरी हमखास सांगतं, “ही सगळी नौदलाची जागा. ओसाड माळ होता, गाववाले नंतर घुसले.” 22 जून 2017 ला नौदलाच्या कुंपण भिंतीवरून इथं आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गाड्या जळल्या, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. तेव्हापासून तर हे वाक्य फारच ऐकू येतं. ते चूक आहे आणि गप्प बसून ऐकवत नाही.

नेवाळी, भाल, द्वारली ही गावं धावपट्टीच्या आधीची. मलंगगडाच्या पायथ्याचा हा पट्टा भातशेतीचा. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून. एप्रिलमध्ये जपानी विमानांनी कोलंबो, विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर बॉम्ब टाकले. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या धामधुमीत इंग्रज सरकारनं इथली सोळाशे एकरांहून जास्त जमीन विमानतळासाठी घेतली. भाताच्या खाचरात विमान उतरत नाही; बांध मोडून, जमीन सपाट करूनच धावपट्टी होते. ज्यांचे बांध मोडले, त्यांच्याच नातवंडांना आज ‘घुसखोर’ म्हणायचं?

खरा वाद दोन शब्दांत अडकला आहे : संपादन आणि अधिग्रहण. वर्तमानपत्रंसुद्धा ते एकाच अर्थानं छापतात. 1894 च्या भूसंपादन कायद्यानं जमीन घेतली, निवाडा होऊन ताबा गेला, की मालकी कायमची सरकारची. युद्धकाळात भारत संरक्षण नियमांखाली अधिग्रहण होई, त्यात ताबा सरकारकडे जाई, मालकी मूळ मालकाचीच राही. शेतकरी म्हणतात, जमीन युद्धापुरती घेतली होती, परत द्या. नौदल म्हणतं, जागा संरक्षण खात्याच्या मालकीची आहे. या दोन दाव्यांचा निकाल कागदावर लागेल. रिक्षात नाही आणि दगडफेकीनंही नाही.

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे : इंग्रज गेले, म्हणजे जमीन आपोआप परत आली. तसं होत नाही. अधिग्रहित मालमत्तांवरचे सरकारचे अधिकार 1947 च्या कायद्यानं चालू ठेवले, पुढे 1952 चा कायदा आला आणि 1970 च्या दुरुस्तीनं अशा अधिग्रहणाला मुदत घातली गेली. म्हणून कोणती जमीन कोणत्या कायद्याखाली घेतली, हे गट नंबरागणिक पाहावं लागतं.

धावपट्टी नौदलानं बांधली, हेही खरं नाही. ती युद्धकाळातली, नौदलाकडे नंतर आली. असाच ओसाड रानाचा गैरसमज शेजारच्या उल्हासनगरबद्दलही आहे : ते सिंधी निर्वासितांनी मोकळ्या रानात वसवलं म्हणतात, पण तिथं आधी युद्धकाळातली लष्करी छावणी होती. फाळणीनंतर निर्वासितांना त्याच बराकींत उतरवलं. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते शहराची पायाभरणी झाली; ‘कॅम्प नंबर’ मात्र अजून पत्त्यात आहेत.

या गावांतल्या घरांना एकच विनंती. आजोबांच्या ट्रंकेत नोटीस, मोबदल्याची पावती, जुना सातबारा असेल, तर त्याच्या प्रती काढून ठेवा. तलाठ्याकडे नुसता आजचा सातबारा मागू नका. 1940 नंतरचे फेरफार, म्हणजे गाव नमुना 6 ची नक्कल मागा. जमीन कोणत्या आदेशानं गेली, याचा माग तिथूनच निघतो.